तिकीट कापू नका, पाकीट ठेवा

भंडाऱ्यात पोस्टाची तिकिटं जमवायची तर पहिलं वैर पावसाळ्याशी. वैनगंगेकाठची हवा, भोवताली पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या. कागद ओल धरतोच. कोऱ्या तिकिटाचा गोंद पानाला चिकटतो, मग दातेरी कडेवर तपकिरी ठिपके येतात. ती बुरशी, शेजारच्या तिकिटावरही पसरते. १९४८च्या गांधी मालिकेतलं माझं साडेतीन आण्यांचं तिकीट असंच गेलं. आता अल्बम आडवे रचत नाही, उभे ठेवतो, जवळ सिलिका जेलच्या पुड्या. उघडीप मिळाली की पानं पंख्याखाली उलटायची; उन्हात नको, रंग उडतो. तिकिटांना लॅमिनेशन करून आणणाऱ्यांपुढे मात्र मी हात टेकले आहेत.

अजमान, फुजैरा, हंगेरीच्या रंगीत तिकिटांच्या पुड्या आम्ही हौसेनं घ्यायचो. वर शिक्का, मागे गोंद शाबूत! म्हणजे ती पत्रावर कधी चढलीच नव्हती. संग्राहकांना विकायलाच शिक्का मारलेली. पोरांनी खुशाल घ्यावीत, भूगोल पक्का होतो. पुढे भाव येईल म्हणून घेऊ नयेत. गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला फिरतात, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

खरी गोडी मला उशिरा लागली, ती आपल्याच जिल्ह्याच्या पाकिटांची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला. त्याआधीच्या पत्त्यांत गोंदिया, तिरोडा, आमगाव यांच्यापुढे ‘जि. भंडारा’ सापडतं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. पण भंडाऱ्याचा ४४१९०४ लिहिलेला नाही म्हणून पाकीट त्याआधीचं, असं धरू नये. लोक नंतरही वर्षानुवर्षं पिन टाकत नसत. तारीख शिक्क्यावरच वाचावी. तिकीट कापलं की नेमका तोच शिक्का अर्धा होतो, पत्ताही जातो.

२०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा जुनी रजिस्टरची पाकिटं रद्दीत जाऊ देऊ नका.

कुणाच्या घरची ट्रंक उघडली की आतली पत्रं मी वाचत नाही, घरच्यांच्या हाती देतो. पाकीट तेवढं मागून घेतो. ते कुठून आलं याची नोंद अल्बमच्या पानावर शिसपेन्सिलीनं करावी, पाकिटावर नाही.