प्रक्रियकाची मंदगती
भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या भिंती तापून ढासळू नयेत म्हणून त्यांत सतत पाणी खेळवतात. लॅपटॉपच्या चपट्या पेटीत बहुधा एक लहानसा पंखाच असतो. भिलाईची उन्हाळी हवा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की तोही अपुरा पडतो. प्रक्रियक १०० अंशांच्या घरात पोचताच आपली गती आपणच उतरवतो. वापरणारा यंत्रास दोष देतो, ते काहीसे अन्यायाचे होय. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्चणारी वीज गतीच्या प्रमाणात, परंतु विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि मंद गतीस कमी दाब पुरतो. दोन्ही एक पंचमांशाने घटवल्यास हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, गती मात्र चार पंचमांश उरते. बॅटरीवर चालताना, काम हलके असेल तर, प्रक्रियक तापण्याची वाट न पाहताच हा मार्ग पत्करतो.