निवृत्तिखात्याचे रूपांतर आणि कराचे वर्ष

अमेरिकेतील नोकरदाराच्या उतारवयातील निर्वाह पुष्कळ अंशी त्याने स्वतः साठविलेल्या पुंजीवर अवलंबून असतो. १९७४ च्या कायद्याने तेथे वैयक्तिक निवृत्तिखाते अस्तित्वात आले. त्यात भरलेल्या रकमेवर सामान्यतः त्या वर्षी कर पडत नाही. ती काढून घेताना मात्र उत्पन्न म्हणून गणली जाते. १९९७ च्या कायद्याने, सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने ओळखले जाणारे, दुसऱ्या प्रकारचे खाते आले. त्याची रीत नेमकी उलटी आहे: कर आधी भरावयाचा, आणि विहित अटी पूर्ण झाल्यावर मुद्दल व वाढ दोन्ही करमुक्त मिळावयाची. पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रक्कम नेणे हे रूपांतर होय. कराचे स्वरूप न बदलता रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणे हे केवळ स्थलांतर.

स्थलांतरावर कर नाही, परंतु मार्ग चुकला तर तो पडतो. नोकरीच्या ठिकाणच्या योजनेतून रक्कम थेट नव्या खात्यात गेली, तर प्रश्नच उद्भवत नाही. तीच रक्कम निवृत्त माणसाने स्वतःच्या हाती घेतली, तर योजनेने तीतून २० टक्के कर कापून ठेवणे बंधनकारक असते. १,००,००० डॉलर असतील तर हाती ८०,००० येतात. पूर्ण रक्कम करापासून वाचवावयाची तर ६० दिवसांच्या आत उरलेले २०,००० पदरचे घालून १,००,००० नव्या खात्यात भरले पाहिजेत. कापलेली रक्कम पुढे विवरणपत्राच्या वेळी हिशेबात धरली जाते हे खरे. पण तोवर २०,००० आणावयाचे कोठून? ते न भरल्यास तेवढे त्या वर्षीचे उत्पन्न ठरते.

रूपांतरात कर टळत नाही. तो कोणत्या वर्षी भरावयाचा, एवढेच ठरविता येते. येथे भारतीय वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. अमेरिकेतील सामान्य करदात्याचे वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे असते. निवृत्तिखात्यातील वार्षिक भरणा मागील वर्षासाठी एप्रिलच्या मध्यापर्यंत करता येतो, आणि तीच सवलत रूपांतरालाही असावी असा पुष्कळांचा समज होतो. तशी ती नाही. रक्कम जुन्या खात्यातून डिसेंबरमध्ये निघाली आणि नव्या खात्यात जानेवारीत पडली, तरी उत्पन्न डिसेंबरच्याच वर्षाचे. पूर्वी केलेले रूपांतर ठरावीक मुदतीत रद्द करता येत असे. २०१८ पासून ती वाटही बंद झाली.

नोकरीचे वेतन थांबलेले, पण सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन अद्याप सुरू न केलेले, अशी काही वर्षे अनेकांच्या वाट्याला येतात. या वर्षांत उत्पन्न कमी, म्हणून कराचा दरही खालचा. तेव्हा थोडेथोडे रूपांतर करणे एकदम सारे करण्यापेक्षा बहुधा हितावह असते. मात्र ६५ व्या वर्षी लागू होणाऱ्या मेडिकेअर या आरोग्यविम्याचा हप्ता दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहून ठरतो. म्हणजे ६३ व्या वर्षी केलेल्या मोठ्या रूपांतराचा भार ६५ व्या वर्षी हप्त्याच्या रूपाने पुन्हा जाणवू शकतो. नोकरी सुटल्यामुळे उत्पन्न घटले असे दाखवून हप्ता कमी करून मागता येतो. रूपांतरामुळे ते वाढले होते, हे कारण मात्र ग्राह्य धरले जात नाही.

या मोकळ्या वर्षांनाही शेवट आहे. जुन्या खात्यातून दरवर्षी काही किमान रक्कम काढण्याची सक्ती पूर्वी साडेसत्तराव्या वर्षी सुरू होई. २०२० पासून ते वय ७२ झाले, २०२३ पासून ७३, आणि १९६० वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ७५. सक्तीच्या वर्षी आधी ही किमान रक्कम काढावी लागते, तिचे रूपांतर करता येत नाही; ती काढून झाल्यावरच उरलेल्या शिलकेच्या रूपांतराचा विचार करावयाचा, आणि तोही त्याच वर्षीच्या वाढलेल्या उत्पन्नात.