बंदरावर उतरलेले सूर

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात या नगराचा उल्लेख आढळतो. तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई आणि तेथून गलबतांतून समुद्रापार पोहोचे. परदेशांशी असलेल्या या संबंधाच्या खुणा तेरच्या उत्खननात सापडल्या आहेत. बंदर म्हणजे केवळ मालाची चढउतार करण्याचे ठिकाण नव्हे. मालाबरोबर माणसे येतात आणि माणसांबरोबर त्यांची भाषा, त्यांचे अन्न व त्यांचे गाणेही येते. विसाव्या शतकात मुंबई बंदरात असेच एक दूरदेशीचे संगीत उतरले. त्याचे नाव जॅझ.

जॅझचा जन्म अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स या बंदरात झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेले लोक तेथील एका मैदानात रविवारी एकत्र जमत, ढोल वाजवीत आणि नाचत. त्यांच्या वंशजांनी आपल्या तालांशी युरोपीय वाद्यांची सांगड घातली. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, पियानो आणि ड्रम यांतून एक नवे संगीत उभे राहिले. या संगीताची रीत समजण्यासाठी तुळजाभवानीच्या गोंधळाचे उदाहरण घेता येईल. गोंधळ्याची कथा ठरलेली असते. परंतु ती कोठे आवरायची आणि कोठे रंगवायची, हे तो श्रोत्यांकडे पाहून त्या क्षणी ठरवितो. संबळ वाजविणारा त्याचा रोख ओळखून साथ देतो. जॅझमध्येही मूळ चाल ठरलेली असते. तिचा विस्तार मात्र प्रत्येक वादक आयत्या वेळी आपल्या बुद्धीने करतो आणि इतर वादक त्याला सांभाळून घेतात.

हे संगीत जहाजांबरोबर जगभर पसरले. जपानातील कोबे बंदरात १९२३ साली तेथील पहिले व्यावसायिक जॅझपथक निघाले, असे मानले जाते. मुंबईत अपोलो बंदरालगत ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले होते. तेथे १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपले पथक घेऊन आला. पुढे क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे आणखी कलावंत आले. त्यांच्या मायदेशी वर्णभेद इतका तीव्र होता, की अनेक ठिकाणी त्यांना गोऱ्या लोकांच्या पंगतीला बसता येत नसे. मुंबईत मात्र त्यांची कला ऐकण्यास मोठी गर्दी होई. त्या गर्दीत शिकण्याच्या इच्छेने कान देऊन ऐकणारे गोमंतकीय वादकही होते.

पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. गावात पुरेसे काम नसल्यामुळे अशी शिकलेली अनेक मुले मुंबईस येत. धोबीतलाव भागात गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत त्यांना स्वस्तात आसरा मिळे. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांपैकीच एक गुणी ट्रम्पेटवादक. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत. लुई आर्मस्ट्राँग या थोर अमेरिकी ट्रम्पेटवादकाला त्याने आदर्श मानले होते.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे मुंबईतील रात्रीच्या मेजवान्या व नृत्ये ओसरली आणि पुष्कळ वादकांचे काम गेले. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदांची गरज भासू लागली होती. हॉटेलांतील वादक ध्वनिमुद्रणाच्या दालनांकडे वळले. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटात पाश्चात्त्य ठेक्याचा उपयोग केलाच होता. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेटने त्यांना मोलाचे साहाय्य केले. महाराष्ट्रातील संगीतकार आणि गोव्यातील ट्रम्पेटवादक यांच्या मेळातून निघालेली ती गाणी घरोघरी पोहोचली.

हे काम कसे चाले? संगीतकार पेटीवर चाल बांधून ती गाऊन दाखवी. वाद्यसंयोजक ती पाच आडव्या रेघांवर लिहून घेई. मग व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रम्पेटने कोठे उसळायचे आणि चेलोने खाली कोणता स्वर धरून ठेवायचा, हे तो प्रत्येकासाठी वेगवेगळ्या कागदावर लिही. एकाच वेळी अनेक स्वर परस्परांशी जुळवून वाजविण्याची ही विद्या गोमंतकीयांनी चित्रपटसृष्टीत रुजविली. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये वाद्यवृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचे असे संयोजन केले.

रंगमंचावरील जॅझही मुंबईत अगदीच मावळले नाही. १९६४ साली स्वतः लुई आर्मस्ट्राँग मुंबईस येऊन गेले. १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. आजही नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये जॅझच्या मैफली होतात. तेथे वादकाचे नाव फलकावर लागते आणि श्रोते त्याला समोरासमोर दाद देतात. चित्रपटातील वादकांना मात्र हा मान क्वचितच लाभला. गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे पडद्यावर झळकत; परंतु व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजविणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच लिहिली जात नसत. दिवसाचा मेहनताना घेऊन ते वाद्य पेटीत ठेवीत आणि घरी जात.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे अशा वादकांचे गुरू होते. त्यांचा जन्म १९२७ चा. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालावा, हा त्यांचा ध्यास होता. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी स्वतःच्या रचनांचा मोठा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले आणि चित्रपटसृष्टीत त्यांचे नाव हळूहळू मागे पडले.

परंतु प्यारेलाल नावाचा त्यांचा एक शिष्य गुरूला विसरला नव्हता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीपैकी एक म्हणून तो विख्यात झाला होता. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटाला या जोडीने संगीत दिले. त्यातील एका गाण्यात नायक स्वतःचे नाव सांगतो. ते नाव कोणते असावे, हे प्यारेलालने सुचविले : अँथनी गोन्साल्विस. देशभरातील मुले ते गाणे गाऊ लागली. २०१२ साली गोन्साल्विस यांचे निधन झाले, तेव्हा हे नाव एका खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, हे अनेकांना प्रथमच समजले.

स्वाध्याय
१. गोंधळ आणि जॅझ यांत कोणते साम्य दाखविले आहे?
२. हॉटेलांतील वादक चित्रपटसंगीताकडे का वळले?
३. प्यारेलालने आपली गुरुभक्ती कशी व्यक्त केली?
४. तुमच्या गावातील एखाद्या वादकाला भेटा. त्याचे नाव, वाद्य आणि गुरू यांविषयी दहा ओळी लिहा.