एका औषधाची दोन रूपे

आपले दोन्ही तळहात सारखे दिसतात. पण एकावर एक पालथे ठेवले की अंगठे विरुद्ध दिशांना जातात. कित्येक रेणूंचेही असेच असते. अणू तेच, त्यांची जोडणी तीच, परंतु एक रूप दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. पण वडिलांना दमा आहे आणि औषधाच्या वेष्टनावरचे वाचून सांगणे घरात माझ्याकडेच येते. त्यामुळे या विषयाकडे वळलो.

दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, नलिकांना आतून सूज येते आणि चिकट कफ साठतो. साल्ब्युटामॉल हे औषध त्या स्नायूंच्या पेशींवरील ग्राहींमध्ये, कुलपात किल्ली बसावी तसे बसते. मग पेशीतील कॅल्शियम उतरते, स्नायू सैलावतात व काही मिनिटांत श्वास मोकळा होतो.

नेहमीच्या साल्ब्युटामॉलमध्ये दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. ‘आर’ रूप कुलपात नीट बसते. ‘एस’ रूपाची गत उजव्या पायात डावी चप्पल घातल्यासारखी! शिवाय ते शरीरातून सावकाश बाहेर पडते. प्रयोगशाळेतील काही प्रयोगांत तर त्याने स्नायुपेशींतील कॅल्शियम वाढविले, म्हणजे उलटेच काम केले. पुढे केवळ ‘आर’ रूपाचे लेव्होसाल्ब्युटामॉल निघाले. अमेरिकेत त्यास १९९९ साली मान्यता मिळाली.

मग साधे औषध घेणारा फसला काय? तसे म्हणता येत नाही. रुग्णांवर केलेल्या तुलनांत नव्या औषधाचा ठळक व सातत्याचा वरचढपणा दिसलेला नाही. पेशीत दिसते ते माणसाच्या छातीत तसेच उतरेल, असे नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आपल्याकडील पंपांवर एका फवाऱ्यास साध्या औषधाचे १०० मायक्रोग्रॅम, तर लेव्होचे ५० असा आकडा असतो. म्हणून लेव्हो ‘हलके’ समजून दुप्पट फवारे घेऊ नयेत. कामाचे रूप दोन्हींत ५० मायक्रोग्रॅमच आहे. जादा घेतल्यास हात थरथरतात, छाती धडधडते.

आणि दोन्ही औषधे स्नायू सैल करतात, सूज उतरवीत नाहीत. पंप वारंवार लागू लागला, तर महाग की स्वस्त या वादात न पडता सूजेवरील नियमित औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे. आपण शिकलेल्यांनी घरी व शेजारी निदान एवढे तरी सांगावे, असे मला वाटते.