अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत

अर्धांगवायूचा झटका आलेल्या आईला किंवा वडिलांना आपल्या घरी आणावयाचे ठरले की घरात धावपळ सुरू होते. खोलीला रंग दिला जातो, नवे पडदे येतात, भिंतीवर देवाची तसबीर लागते. हे सारे मायेपोटीच घडते. परंतु ही तयारी बहुधा उभ्या माणसाच्या नजरेने झालेली असते. रुग्णाला तीच खोली पलंगावरून दिसते. म्हणून प्रारंभी घरातील एखाद्याने त्या पलंगावर आडवे पडून पाहावे. हात कोठवर पोचतो, दिव्याचे बटण सापडते काय, आणि रात्री दोन वाजता न्हाणीघराकडे जावयाचे झाल्यास वाटेत काय काय आडवे येते?

आमच्या घरी हा धडा उशिरा मिळाला. आई गावाहून आली तेव्हा तिच्या पायांना फरशी गार लागू नये म्हणून पलंगाशेजारी आम्ही जाड सतरंजी अंथरली होती. चौथ्याच रात्री तिच्या कडेत आईचा पाय अडकला. हाड मोडले नाही हे नशीब. पण त्यानंतर कित्येक दिवस, उठावे लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी पिण्याचे टाळीत असे, आणि हे आम्हांस फार उशिरा कळले.

तेव्हा सतरंज्या, सैल पायपुसणी, विजेच्या लोंबत्या तारा ह्या वाटेवरून प्रथम हलवाव्यात. उंबरठा काढता येण्याजोगा नसेल तर त्यावर ठळक रंगाचा पट्टा ओढावा. रात्रभर मंद दिवा तेवत ठेवावा. न्हाणीघरात शौचकूपाशेजारी भिंतीत पक्का बसविलेला आधारदांडा हवा. टॉवेल वाळत घालण्याची दांडी माणसाचे वजन पेलत नाही, आणि तोल जाताना हात नेमका तिकडेच जातो. दाराची कडी बाहेरूनही उघडता यावी. वाट लांब असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवण्यात कमीपणा मानू नये. मात्र मध्ये आडपडदा अवश्य असावा. रुग्ण झाला म्हणून माणसाची लाज संपत नाही.

पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीस पूर्ण टेकावेत व गुडघे काटकोनात यावेत. बहुतेकांच्या बाबतीत गादीसह ४५ ते ५० सेंटिमीटर उंची पुरते. पलंग ठेंगणा असल्यास पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या विटा सरकतात. गावाकडची बाज कितीही सवयीची असली तरी तिला झोळ पडतो आणि दुबळ्या माणसास तीतून उठता येत नाही. खोली लहान असून पलंग भिंतीस लावावाच लागला तर रुग्णाची सशक्त बाजू मोकळ्या जागेकडे राहावी. पाणी, चष्मा, घंटा ही त्याच हाताशी असावीत. उठविताना दुबळा हात धरून ओढू नये, खांद्यास इजा होते.

जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांच्या बाबतीत खरा शत्रू शय्याव्रण हा होय. माकडहाड, खुबे, टाचा येथे एकसारखा दाब पडून कातडीचा रक्तपुरवठा थांबतो. सामान्यतः दर दोन तासांनी कूस बदलावी आणि चादरीची चुणी राहू देऊ नये. अंग पुसताना ह्या जागा उजेडात पाहाव्यात. बोटाने दाबूनही न मावळणारी लाली ही पहिली खूण. अशा जागी तेल लावून चोळण्याची आपल्याकडे रीत आहे, ती घातक आहे. तो भाग दाबमुक्त ठेवून डॉक्टरांस दाखवावे. हवेची गादी उपयुक्त खरी, पण ती आणली म्हणून कूस बदलण्याचे काम सुटत नाही.

साधनांचा खर्च सर्वांस झेपतोच असे नाही. २०२४ साली राज्य शासनाने जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे व त्यावरील पात्र ज्येष्ठांना चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची आदी साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. चालू स्थितीची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

आणि हे सर्व करण्यापूर्वी ज्यांची खोली त्यांनाच विचारावे. आम्ही आईचा पलंग खिडकीपाशी ठेवला होता, झाडे दिसावीत म्हणून. तिला झाडे नको होती. स्वयंपाकघरातील बोलणे ऐकू यावयास हवे होते. नुसती उशी दुसऱ्या टोकास नेली असती तर तिचा धडधाकट डावा हात भिंतीकडे गेला असता. अखेर पलंगच समोरच्या भिंतीस नेला आणि दिव्याचे बटणही नव्याने बसवून घेतले.