ताट्राच्या पायथ्याचे गुराल

मुलांनो, युरोप खंडात पोलंड नावाचा देश आहे. या देशाचा बराचसा भाग सपाट आहे. दक्षिण सीमेवर मात्र ताट्रा पर्वताची उंच शिखरे दिसतात. या पर्वताच्या पायथ्याशी पोद्हाले नावाचा प्रदेश आहे. तेथील लोकांना ‘गुराल’ म्हणतात. पोलिश भाषेत ‘गुरा’ म्हणजे डोंगर. गुराल म्हणजे डोंगरातले लोक.

हे लोक मूळचे कोठले? तुम्ही म्हणाल, इतकी जुनी गोष्ट आज कशी कळणार? काही गोष्टी जुन्या कागदपत्रांवरून कळतात, तर काही रोजच्या बोलण्यातील शब्दांवरून.

गुराल लोक पोलिश भाषेचीच एक बोली बोलतात. पण मेंढ्यांविषयीचे त्यांचे काही शब्द वेगळे आहेत. तरुण मेंढपाळाला ते ‘युहास’ म्हणतात. हा शब्द हंगेरियन भाषेतला आहे. मेंढीच्या दुधाच्या मऊ चीजला ते ‘ब्रिंद्झा’ म्हणतात. हा शब्द रुमानियन भाषेतला आहे. इतक्या दूरचे शब्द येथे कसे आले?

व्लाख नावाचे मेंढपाळ बाल्कन प्रदेशातून निघाले. कार्पेथियन पर्वताच्या रांगांवर कळप चारत चारत ते पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकले व ताट्रापर्यंत पोचले. उत्तरेकडून पोलिश शेतकरीही येथे आले. त्यांनी जंगल तोडून शेते केली. दोघे शेजारी झाले, मग सोयरे झाले. त्यांच्यातूनच आजचे गुराल घडले.

या लोकांवर एकदा कठीण प्रसंग आला. १९३९ साली जर्मनीने पोलंडवर हल्ला करून देश जिंकला. नाझी अधिकारी गुराल लोकांना सांगू लागले, “तुम्ही पोलिश नाही. तुमचे पूर्वज जर्मन होते.” त्यांनी गुराल लोकांसाठी वेगळी ओळखपत्रे काढली. पोलिश लोकांमध्ये फूट पाडावी, हा त्यांचा हेतू होता. काहींनी भीतीने, तर काहींनी लोभाने ती ओळखपत्रे घेतली. पण बहुतेकांनी घेतली नाहीत. आपण कोण आहोत, हे परक्या सत्तेकडून ठरवून घेणे त्यांना मान्य नव्हते.

आजही वसंत ऋतूत गुराल मेंढपाळ कळप घेऊन डोंगरावर जातात. तेथे ते ‘ओस्त्सिपेक’ नावाचे धुरावलेले चीज करतात. २००८ साली युरोपीय संघाने या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. बहुतेक गुराल स्वतःला गुराल मानतात आणि पोलिशही मानतात. यांपैकी एक सोडून दुसरे निवडावे, असे त्यांना वाटत नाही.

शब्दार्थ
पायथा – डोंगराचा खालचा भाग
सोयरे – लग्नसंबंधाने जोडलेले नातेवाईक
फूट पाडणे – भांडण लावून वेगळे करणे

स्वाध्याय
१. ‘गुराल’ या शब्दाचा अर्थ काय?
२. व्लाख मेंढपाळ ताट्रापर्यंत कसे पोचले?
३. बहुतेक गुराल लोकांनी वेगळी ओळखपत्रे का घेतली नाहीत?
४. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा.