गाल सुजले, पैसे कशावर घालवाल?

मढच्या बंगल्यांमध्ये मालिकांचं शूटिंग सुरू असतं तेव्हा एक गोष्ट डॉक्टरच्या आधी मेकअपदादाच्या नजरेत भरते. चेहरा खालून चौकोनी दिसायला लागलेला असतो. मग जबड्यावरून गडद शेडचा ब्रश दोन हात जास्तच फिरतो आणि क्लोज-अप निभावून जातो. नीट पाहिलं तर कानाची पाळी किंचित बाहेर ढकललेली दिसते. दुखत नाही, ताप नाही, दोन्ही बाजू सारख्याच. हीच सूज शेजारच्या कोळीवाड्यातल्या कॉलेजकन्येला आली की घरचे गालगुंड समजून लेप लावतात. एकीकडे ब्रश, दुसरीकडे लेप, आणि कारण दोन्हीकडे झाकलेलंच राहतं.

कारण बरेचदा हे असतं की खाल्लेलं अन्न मुद्दाम ओकून काढलं जातंय. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथी वारंवारच्या उलट्यांनी हळूहळू फुगतात. डॉक्टरी भाषेत याला सायलॅडेनोसिस म्हणतात. बुलिमियात, म्हणजे भराभर खूप खाऊन मग ते काढून टाकण्याच्या आजारात, ही सूज बऱ्यापैकी आढळते. या आजाराचं पहिलं नेमकं वर्णन लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी 1979 साली केलं. बोटांच्या सांध्यांवर पडणारे घट्टेही त्यांनीच टिपले. उपासमार आणि उलट्या असतील तर अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहण्याच्या आजारातही, ग्रंथी सुजतात. आजार फक्त नट्यांचा नाही, पण त्यांच्यातल्या कुणी बोललं की विषय निघतो. अभिनेत्री रिचा चढ्ढा यांनी आपल्या बुलिमियाबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे.

खर्चाचं गणित एका गोष्टीवर उभं आहे. या सुजेला स्वतंत्र असं खात्रीचं औषध नाही. उलट्या थांबल्या की ती आपोआप उतरते, कुणाची काही आठवड्यांत, कुणाची काही महिन्यांत. म्हणून गालावर कमी आणि उलटीवर जास्त खर्च करायचा. पुढचे आकडे मालाड-अंधेरी पट्ट्यातले ढोबळ आहेत. दवाखाना बदलला की तेही बदलतात.

पहिली फेरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. खासगीत 800 ते 1,500 रुपये. चांगला डॉक्टर ग्रंथी बोटांनी चाचपतो, मग गाल आतून उलगडून वरच्या दाढेसमोरचं बारीक छिद्र बघतो आणि बाहेरून ग्रंथी दाबतो. स्वच्छ लाळ आली तर जंतुसंसर्गाची शक्यता कमी. पू आला, सूज एकाच बाजूला असली, जेवताना कळ मारून वाढत असली किंवा घट्ट गाठ लागली, तर प्रकरण खडा, संसर्ग किंवा गाठीचं असू शकतं. तिथे सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून तपासणी हवीच. गळ्याची सोनोग्राफी खासगीत 1,200 ते 2,500 रुपयांना पडते. दोन्ही बाजूंची, न दुखणारी सूज असेल आणि रुग्णाने उलट्यांचं खरं सांगितलं असेल, तर एमआरआयची घाई करायचं कारण नसतं. त्याचे सात-आठ हजार वाचतात. मधुमेह आणि दारूमुळेही असेच गाल सुजतात, तेवढं मात्र विचारून घ्यावं.

महापालिकेच्या रुग्णालयात जायचं तर मढकरांना दोन वाटा आहेत. जेटीवरून फेरीबोटीने वर्सोवा गाठायचं आणि तिथून रिक्षाने कूपर रुग्णालय. पाण्यावरची काही मिनिटं म्हणजे रस्त्याने मोठा वळसा. नाहीतर 271 नंबरची बस धरून मालाड स्टेशन आणि तिथून कांदिवलीचं शताब्दी. कूपरला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं असल्याने कान-नाक-घसा आणि मानसोपचार दोन्ही विभाग एका आवारात आहेत. केस पेपर नाममात्र पैशांत निघतो, रांग मात्र लांब. सकाळी लवकर निघा, आणि त्या दिवशीचं काम बुडणार हे खर्चातच धरा.

आता रक्त. लॅबच्या पॅकेजात अमायलेज नावाचं पाचक एंझाइम वाढलेलं येतं आणि रिपोर्टवर स्वादुपिंड हा शब्द वाचून घरात घबराट उडते. पोटाच्या सीटी स्कॅनवर पाच-सहा हजार जातात. अमायलेज लाळेतही असतं, हे कुणी सांगत नाही. पोटात तीव्र कळा नसतील तर डॉक्टरांना आधी लायपेज ही स्वादुपिंडाची चाचणी करून बघू का, असं विचारा. ते नॉर्मल आलं तर वाढलेलं अमायलेज बहुधा लाळग्रंथीचंच. काटकसर करायची नाही ती सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजीमध्ये. दोन्ही मिळून हजाराच्या आसपास. उलट्यांनी आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके चुकतात. गालाने कुणी दगावत नाही, पोटॅशियमने दगावतं.

मोठा खर्च पुढे आहे. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट 1,500 ते 3,000. बुलिमियासाठी सगळ्यात भरवशाची मानली जाते ती ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली वर्तनोपचाराची पद्धत. तिची साधारण 20 सत्रं होतात. एका सत्राचे 1,500 धरले तर 30,000 रुपये. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून हेही सांगतो की ब्रिटनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी पहिली पायरी पुस्तकाच्या आधाराने, थोड्या मदतीने केलेला स्वयं-उपचार हीच आहे. तेव्हा थेरपिस्टला स्पष्ट विचारा: सगळी सत्रं लागतीलच का, आधी पुस्तक आणि थोड्या भेटी असं जमेल का? रुग्ण शाळकरी मुलगी असेल तर घरच्यांना सोबत घेऊन केलेला उपचार बरा, म्हणजे आई-बाबांचाही वेळ हिशेबात येतो. फ्लुओक्सेटिन हे औषध जेनेरिकमध्ये स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त; पण बुलिमियात त्याचा डोस नैराश्यापेक्षा जास्त लागतो, त्यामुळे शेजारणीच्या चिठ्ठीवर घेऊ नये. केंद्र सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडायला तो पुरतो.

एक गोष्ट डॉक्टरने आधीच सांगायला हवी. उलट्या बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाल उतरायच्या ऐवजी वाढू शकतात. कधी दुखतातही. आरशात बघून मुलगी म्हणते, थांबवलं तर अजून जाडी दिसायला लागले, आणि पुन्हा बाथरूमची कडी लागते. उपचार सोडण्याचा मोठा धोका इथेच असतो, आणि या टप्प्याचा खर्च जवळपास शून्य आहे: गरम पाण्याचा शेक, भरपूर पाणी, आणि लाळ सुटावी म्हणून चघळायला काहीतरी. आवळा सुपारी किंवा चिंच सुचेल, पण ओकाऱ्यांच्या आम्लाने दातांचं कवच आधीच झिजलेलं असतं. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युइंगगम बरं. वेदनाशामक डॉक्टरला विचारून. सूज हटतच नसेल तर पिलोकार्पिन नावाची लाळ वाढवणारी गोळी काही डॉक्टर देतात. दम्याच्या रुग्णांना ती सहसा चालत नाही.

दातांचं बिल वेगळं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरा. त्यानेच पुढचा खर्च बराच आटोक्यात राहतो. खासगीत एका दाताची कॅप पाच हजारांपासून पुढे. नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय लांब पडतं, पण तिथलं काम परवडतं.

वाया जाणारा पैसा कुठला, तर जबडा बारीक करून देतो म्हणणाऱ्या इंजेक्शनांचा. पंधरा हजारांच्या पुढे बिल आणि औषध चावण्याच्या स्नायूत. सुजलेली असते ग्रंथी. गालातली चरबी काढण्याची शस्त्रक्रियाही तशीच चुकीच्या पत्त्यावर. ग्रंथी कापण्याचा पर्याय अगदी शेवटचा, कारण चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीतूनच जाते. उलट्या सुरू असताना असं ऑपरेशन सुचवणाऱ्याकडून दुसरं मत घेतल्याशिवाय उठू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विम्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 21(4) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दाखल झालात तरच पैसे देतात, सत्रांची बिलं खिशातून जातात. दाखल व्हायची वेळ आली तर कागदावर निदान बुलिमिया आणि पोटॅशियमची कमतरता असं नीट लिहिलंय ना ते बघा. नुसतं गालाची सूज लिहिलं आणि सौंदर्योपचार समजून दावा फेटाळला गेला तर भांडत बसावं लागेल.

चक्कर, छातीत धडधड, हातापायात गोळे किंवा उलटीत रक्त दिसलं तर ओपीडीची वाट बघायची नाही. रात्रीची वेळ असेल तर जेटीच्या भरवशावर न राहता 108 ला फोन करा, आणि कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर उलट्या मुद्दाम काढल्या जात होत्या हे पहिल्याच वाक्यात सांगा.